सहा जणींचं एकच खातं

चूक आमची होती, असं आजही सगळे म्हणतात. सर म्हणतात, मॅडम म्हणतात, माझी माय तर भाकर थापता थापता म्हणते. मी नाही म्हणत. तेव्हाही म्हटलं नव्हतं, आणि आता तर मुळीच म्हणणार नाही.

बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय भूगोल, कॉलेज तालुक्याचं. मी केनवडहून रोज एसटीनं जायची. आमचे भूगोलाचे सर तासिकेवर शिकवणारे, वयानं आमच्यापेक्षा फार मोठे नाहीत, आणि उत्साह असा की फळ्यावर लिहिताना खडू तुटायचा. एक दिवस त्यांनी सांगितलं, यंदा प्रकल्पाची वही नाही. यंदा विकी. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सरांनी समजावलं: इंटरनेटवर एक पान असतं. ते गटातल्या कोणीही उघडावं, कोणीही लिहावं, दुसरीनं लिहिलेलं तिसरीनं दुरुस्त करावं. सगळ्यांनी मिळून शिकायचं. "आणि मागे कोणी काय लिहिलं, ते सगळं इतिहासात राहतं," असं म्हणाले. "त्यावरून मी वीसपैकी गुण देणार. म्हणून प्रत्येकीनं स्वतःचं खातं उघडा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी दोन-तीन तासांना तरी सांगितलं. आम्ही दरवेळी मान हलवली. खातं मात्र एकटीनंच उघडलं, मी. कारण आमच्या घराच्या स्लॅबवर रेंज होती आणि फोन माझा स्वतःचा होता. बाकीच्या पोरींनी म्हटलं, पान एक, तर खाती कायले पायजे सहा? मलाही तेच वाटलं.

कसं वाटलं नसतं? आमच्या गावात सावड चालते. आज सगळ्या बाया माझ्या वावरात निंदायला, उद्या तिच्या वावरात, परवा तिसरीच्या. सोयाबीन सोंगायलाही तसंच. कोणती ओळ कोणी सोंगली, हे कोणी विचारत नाही. कोणी विचारलंच तर बाया हसतील. म्हणतील, बाप्पा, हिले काय झालं? असं काम बघत आम्ही मोठ्या झालो. सरांनी "सगळ्यांनी मिळून" म्हटलं, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे सावड आली. आणि सावडीला खातं नसतं.

आमच्या गटाला विषय आला स्थलांतर. पुस्तकात त्याचे दोन रकाने होते, आकर्षण घटक आणि विकर्षण घटक, म्हणजे माणसाला ओढणारे आणि हाकलणारे. गटातली माझी मैत्रीण, किन्हीराजाकडच्या तांड्यावरची, रकाने वाचून खुदकन हसली. तिचं सगळं घर दरसाली दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिमेकडे जातं, ते रामनवमीला पोहरादेवीची जत्रा भरते त्या सुमारास परत येतं. शाळेत असल्यापासून तीही जात होती. ती म्हणाली, "आमाले कोणताच घटक नेत नाई वं. मुकादमाचा ट्रक नेते."

मग आमचं ठरलं, पान ऊसतोडीचं करायचं. आणि दिवाळीनंतर ती निघूनही गेली. कॉलेजची परवानगी वगैरे काही नाही. तिच्या मायचं कंबरडं धरलं होतं, घरात दुसरं हाताखाली कोणी नव्हतं. त्यात तिच्या चाचण्या बुडल्या.

तिनं पान मात्र सोडलं नाही. तिच्या घरी फोन एकच, बापाचा. तो चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावला, की ती तिथून मला आवाजाचे निरोप पाठवायची. मागे ट्रकचे हॉर्न, कोणीतरी खोकतंय, आणि मध्ये हिचा आवाज. आम्ही पाच जणी रविवारी आमच्या स्लॅबवर बसून ते ऐकायचो. एक लिहून घ्यायची, दुसरी खोडायची, तिसरी भांडायची, मी टाइप करायची. झालं की फोन लावून तिला वाचून दाखवायचं. तिथं खरी मजा यायची.

आम्ही लिहिलं, "मजूर पहाटे उठतात."

"मजूर नाई," ती तिकडून म्हणाली. "बाया उठतात. माणसं चहा झाल्यावर उठतात."

आम्ही ते बदललं. मग एकीनं विचारलं, पण तुझा बाप तर लवकर उठतो म्हणत होतीस? ती म्हणाली, "हाव, तो उठते. लिवा मंग, एखादा उठते." असं हसत-भांडत ते पान तयार झालं. त्यातलं एकही वाक्य एकीचं नव्हतं. एकीनं आणलेलं, दुसरीनं निवडलेलं, तिसरीनं पाखडलेलं. मी आयुष्यात इतकं कधी शिकले नव्हते, आणि हे मी सरांच्या तोंडावर पण सांगितलंय.

निकालाच्या दिवशी सरांनी प्रोजेक्टर लावला. प्रत्येक गटाचं एकेक गोल चित्र, त्यात रंगांच्या फोडी, कोणी किती लिहिलं त्याच्या. आमचं चित्र आलं. अख्खा गोल एकाच रंगाचा. खाली माझं नाव.

"बघा," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. "एवढं मोठं पान हिनं एकटीनं लिहिलं. वीसपैकी वीस. बाकीच्या पाच जणींनी मात्र लाज वाटून घ्यावी. शून्य."

मागच्या बाकावरून पोरांनी टाळ्या पिटल्या. मी उभी राहिले. "सर, हे खोटं हाय."

"सिस्टिम खोटं बोलत नाही."

"मंग तिले नीट पुसा. हे आमी सहा जणींनी लिवलं. खातं माहं, लिवणं सगळ्यायचं."

"मी सांगितलं होतं की नाही, स्वतःचं खातं उघडा म्हणून?"

सांगितलं होतं. पण खातं न उघडणं आणि काम न करणं या दोन गोष्टी एक कशा होतात, हे मला त्यांनी आजपर्यंत समजावलेलं नाही.

बाकीच्या चौघींचं निभलं असतं. त्यांच्या चाचण्या झालेल्या होत्या, काठावर का होईना पास झाल्या असत्या. मरण होतं ते तिचं एकटीचं. चाचण्या नाहीत आणि प्रकल्पात शून्य, म्हणजे अंतर्गत गुणांत ती नापास, आणि तिथं नापास म्हणजे वर्ष वाया. आणि तिच्या बापानं जाताना एकच अट घातली होती, ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. पास झाली तर पुढं शीक, मी आडवा येणार नाही. नापास झाली तर लग्न, आणि पुढच्या हंगामाला नवऱ्यासोबत ऊसतोडीला तुझा वेगळा कोयता. पोरगा पाहूनही ठेवला होता. माणूस वाईट नव्हता तो, पण बोलला की बोलला.

संध्याकाळी मी तिला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुले किती भेटले?"

"वीस."

"बरं झालं."

बरं झालं! या दोन शब्दांनी माझ्या अंगाची आग आग झाली. ती टोमणा मारत नव्हती, मनापासून म्हणत होती. मनापासून म्हणाली म्हणूनच मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, माझा स्वभावच तसा आहे.

मी त्याच बैठकीला पान उघडलं आणि सगळ्यात वर लिहिलं, "हे पान एकीनं लिहिलेलं नाही." खाली आमची सहाही नावं. सकाळी पाहिलं तर ओळ गायब. सरांनी काढली होती, कारण दिलं होतं, मजकुराशी संबंध नाही. मी परत टाकली. त्यांनी परत काढली. मी परत टाकली, आता ठळक अक्षरांत. मग त्यांनी पानाला कुलूप लावलं. वर्गात आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, आणि तरी त्या पानावर आमची कुस्ती चालू होती. सगळा वर्ग तासाला आधी ते पान उघडून बघायचा, आज कोणाची सरशी.

पानाला कुलूप लागल्यावर मी विभागप्रमुख मॅडमकडे गेले. मॅडम शिस्तीच्या, बोलणं पट्टीनं मारल्यासारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला पूर्ण गुण मिळालेत. मग तुझं काय जातंय?"

"तेच तं दुखून राह्यलं मॅडम. माहं काईच जाऊन नाई राह्यलं."

"उद्या कोणीही येऊन म्हणेल, मीपण लिहिलं होतं. आम्ही काय तोंडाकडे बघून गुण द्यायचे?"

"मंग मले बी शून्य द्या."

"असं देता येत नाही. नियम आहे."

नियम त्यांचा, तर आडमुठेपणा आमचा. अंतर्गत गुणांच्या यादीवर प्रत्येक विद्यार्थ्याची सही लागते, त्याशिवाय ती यादी विद्यापीठात जात नाही. मी सही केली नाही. बाकीच्या चौघींनीही केली नाही. शिपाईकाका यादी घेऊन आमच्या मागे वर्गात, लायब्ररीत, एकदा तर एसटी स्टँडवर आले. बिचारे हात जोडून म्हणाले, "करा वं बाई सही, मले कायले फिरवता?" मी म्हटलं, "काका, तुमच्यावर राग नाई. पण सही बी नाई."

घरी तर रोजच जुंपायची. माय म्हणायची, "वीस भेटले तं गुमान घे ना. कायले आडवी पडून राह्यली? शिकवणाऱ्यायच्या तोंडाले लागते का कोणी?"

मी म्हटलं, "माय, तू सावडीत सोंगाले गेली, अन् मालकानं म्हटलं का सगळं वावर तू एकटीनं सोंगलं, तं तू हाव म्हणशीन?"

मायनं माझ्या ताटात भाकर जरा जोरानंच टाकली.

शेवटी प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. सहाही जणींना. मी तिला निरोप दिला, तर ती दोन बस बदलून, रात्रभर बसून आली. बापाला न विचारता नाही, विचारून आली, पण तो नीट हो म्हणाला नव्हता. जा म्हणाला आणि पाठ फिरवली, असं तिनं सांगितलं. मायला मोळ्या उचलू लागायला मागे कोणी नव्हतं. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. ते झाकायला तिनं ओढणी हातांवरून घेतली होती.

चौघींना बाहेर बसवून आधी आम्हा दोघींनाच आत घेतलं. प्राचार्य टेबलामागे कागदांवर सह्या करत बसले होते, बोलत मॅडमच होत्या. सर खिडकीशी उभे. मॅडमनी तिला सांगितलं, "हे बघ, तुझ्याबद्दल मला काही राग नाही. पण रेकॉर्डवर एकच नाव आहे. जे नाव दिसतं, काम त्याचं. दुसरं मी कशाला मानू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. आवाज चढवला नाही.

"मॅडम, कोयत्यावर बी एकच नाव असते. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. पण नाव माया बापाचं. माय तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते. तिचं नाव कोनत्याच सालच्या कागदावर नाई. मंग माया मायनं कामच नाई केलं का?"

प्राचार्यांचा पेन थांबला. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमना उत्तर सुचलं नाही असं मी म्हणणार नाही, त्यांना उत्तर लगेच सुचतं. पण या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पानाचं कुलूप काढा. हिनं इथं, आमच्यासमोर, स्वतःचं खातं उघडून एक परिच्छेद लिहावा. लिहिता आला, तर पास होण्यापुरते गुण मी देते. बाकीच्या चौघींनीही उद्या येऊन तसंच करावं."

"पुन्हा काहून लिवावं तिनं?" मी फाडकन बोलले. "तिचं लिवून झालं हाय! एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करून दाखव म्हणता? अन् पुरते गुण काहून, तिले बी वीस द्या!"

"थांब वं," ती मला म्हणाली. "मी लिवतो. तू जरा दम धर." आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली.

मी दम धरला नाही, पण गप्प बसले. आजही मला वाटतं की ते दुसऱ्यांदा लिहून घेणं चुकीचं होतं. पण वर्ष तिचं होतं, लग्न तिचं ठरणार होतं. माझ्या तावात तिचं नुकसान करायचा हक्क मला नव्हता.

खातं उघडायला मोबाइल नंबर लागला. नंबर म्हणजे बापाचाच. तिनं तो टाकला आणि माझ्या फोनवरून बापाला लावला. स्पीकरवर, कारण हात की-बोर्डवर होते. मागून ऊस तोडल्याचा कचकच आवाज येत होता.

"बा, तुमच्या फोनवर आता एक नंबर आला अशीन. तो सांगा मले."

"कायचा नंबर?"

"ओटीपी."

"ओटीपी?" बाप एकदम सावध झाला. "नाई सांगत. कोणालेच सांगू नोको म्हणते फोनवाली बाई. पोरीले बी सांगू नोको म्हणते."

सर हसले. प्राचार्यही हसले असतील, त्यांनी तोंडावर हात धरला होता. ती मात्र घामाघूम झाली होती.

"बा, बँकेचं नाई हे. कॉलेजचं हाय. खातं उघडून राह्यलो."

"कोणाचं खातं?"

"माहं."

"तुया नावाचं?"

"हाव. माया नावाचं."

"म्हणजे माया नंबरवर, पण नाव तुयं?"

"हाव बा."

तिकडची कचकच थांबली. त्यानं हातातला कोयता खाली ठेवला असावा. मग तो म्हणाला, "थांब, कानापासून काढून पाह्यतो." आणि एकेक आकडा मोठ्यानं, सावकाश वाचू लागला. आकडे त्याला येत होते, अक्षरं नव्हती. तो वाचेपर्यंत वेळ संपली, नंबर परत मागवावा लागला, त्यानं परत सगळा वाचला. कोणी घाई केली नाही. मॅडमनीसुद्धा नाही.

खातं उघडलं. पानावर तिचं नाव आलं, लहान, निळ्या अक्षरांत. ती लिहू लागली. मराठी टाइप करायची सवय नव्हती, एकेक अक्षर शोधत होती. मी तिच्या मागे उभी होते आणि एकदाही मदत केली नाही. मदत केली असती तर परत माझंच नाव लागलं असतं, एवढं मी आता शिकले होते.

लिहून झाल्यावर मॅडम खुर्चीजवळ आल्या, वाकून वाचलं, दोनदा वाचलं. यादी मागवली, तिच्या नावापुढचं शून्य खोडून गुण लिहिले आणि शेजारी स्वतःची सही केली. पास. मला म्हणाल्या, "आता तुझी सही." मी म्हटलं, "बाकीच्या चौघींचं होऊ द्या, मंग." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी पोरगी तिथंच वितळली असती.

तेवढ्यात टेबलावरून आवाज आला. "हालो. हालो, झालं का वं?"

फोन बंद करायचा राहूनच गेला होता. इतका वेळ तो तिकडे उसात फोन कानाला लावून उभा होता.

"झालं बा," ती म्हणाली. "पास झालो."

"बरं." मग त्यानंच विचारलं, "काय लिवलं? वाच पाहू."

तिनं आमच्याकडे पाहिलं. नको वाचूस, असं मी डोळ्यांनी खुणावलं. जे लिहिलं होतं ते बापाला ऐकवायचं नव्हतं. पण तिनं वाचलं, खालच्या आवाजात, न थांबता. कोयता म्हणजे दोघं. दोघांचं काम, नाव नवऱ्याचं. बायको मोळी बांधते, उचलते, ट्रक भरते, आणि हंगाम संपला तरी तिचं नाव कुठंच येत नाही.

वाचून झालं. आता हा भडकणार, आणि पास झाली तरी पोरीला परत कॉलेजात पाठवणार नाही, असं मला वाटलं.

"तुया मायचं नाव टाकलं का त्याच्यात?" त्यानं विचारलं.

"नाई बा."

"मंग टाक."

तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि परत की-बोर्डवर हात ठेवले. "तुमचं बी टाकतो बा."

"माहं कायले?" तो म्हणाला. "माहं तं सगळीकडंच असते."